आधी रेघ, मग टाइल

सुपेल्यात, भिलाईच्या इतर वस्त्यांत किंवा दुर्गकडे जे घर बांधत आहेत, किंवा जुनं बाथरूम फोडून नवं करत आहेत, त्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. भिंतीला हेरिंगबोन नक्षी लावायची ठरवली असेल, तर पहिली टाइल चिकटण्याआधी मिस्त्रीला फक्त रेघा आखण्यासाठी एक पूर्ण दिवस द्या आणि त्या दिवसाची मजुरी वेगळी द्या. या लेखातली बाकीची मापं आणि हिशेब एवढ्याचसाठी आहेत.

हे मी अनुभवातून सांगतो आहे. आमच्या बाथरूमची दारासमोरची भिंत 5 फुटांची. तिच्यावर 3 इंच बाय 12 इंचांच्या (दुकानाच्या मापात 75 बाय 300 मिलिमीटर) पांढऱ्या टाइलची हेरिंगबोन नक्षी घ्यायची असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं. मिस्त्री कसलेला होता. त्याने विचारलं, "कहाँ से चालू करूँ?" मी म्हणालो, बीच में से. त्याने नक्षीचा एक उभा पट्टा भिंतीच्या बरोबर मध्यावर बसवला आणि दोन्हीकडे काम वाढवत नेलं. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यांशी पोचला तेव्हा दोन्ही बाजूंना पट्ट्याचा जेमतेम 15 मिलिमीटर भाग उरला होता. फरशीपासून वरपर्यंत, दोन्ही कडांना, एकावर एक 4 सेंटिमीटर खोलीचे त्रिकोणी तुकडे भरावे लागले. दोन्हीकडे मिळून चाळिसेक तुकडे हाताने कापले, त्यातले कितीतरी कापतानाच फुटले. दोन पावसाळे होईतो काही तुकड्यांभोवतीचं ग्राउट सुटलं. मिस्त्रीचा दोष नव्हता. मध्य कुठला धरायचा हे कागदावर पाच मिनिटांत कळलं असतं, आणि ती पाच मिनिटं आम्ही कोणीच काढली नाहीत.

आमच्यासारख्या कितीतरी घरांची गोष्ट अशीच असते. आयुष्य भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेलेलं असतं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं आणि पुंजी घालून पहिल्यांदाच स्वतःच्या मनासारखं घर बांधता येतं. 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून नागपूर-विदर्भाकडून इथे आलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या वाटेने गेल्या आहेत. अशा घरातली एक भिंत बिघडली, तर ती पुढची वीस वर्षं रोज सकाळी डोळ्यांसमोर येते. म्हणून सांगतो, घाई करू नका.

ही नक्षी वेगळी का

हेरिंग नावाच्या माशाच्या मधल्या काट्यापासून दोन्हीकडे तिरपे काटे निघतात, तशी ही मांडणी दिसते, म्हणून तिला हे नाव. बांबूच्या तट्ट्याची तिरपी वीण ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. एका टाइलचं टोक दुसरीच्या अंगाला काटकोनात टेकतं, दुसरीचं तिसरीच्या, आणि सगळी नक्षी एकमेकींत गुंतत वर चढते. ही गुंतवण नुसती दिसायला छान नाही, तिला बळही असतं. इटलीत फ्लोरेन्सच्या मोठ्या चर्चचा घुमट ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने 1420 ते 1436 या काळात खालून लाकडी आधार न देता उभारला. चढत जाणाऱ्या भिंतीवरच्या विटा घसरू नयेत म्हणून त्याने त्या याच रीतीने एकमेकींत अडकवल्या होत्या.

पण याच गुंतवणीमुळे चूक लपत नाही. साध्या आडव्या ओळींत एक टाइल केसभर सरकली तर पुढच्या ओळीत ती सावरता येते. इथे प्रत्येक टाइल मागच्या दोघींवर टेकलेली असते, त्यामुळे मागची चूक घेऊनच पुढची बसते. 3 इंच रुंदीच्या टाइलमध्ये, 2 मिलिमीटरची सांध धरली, तर एका कोनावर दुसरा कोन सुमारे 109 मिलिमीटर उंचीवर येतो. 7 फूट उंचीच्या भिंतीत असे 19-20 कोन बसतात. प्रत्येकात 1 मिलिमीटर चूक झाली, तर वर पोचेपर्यंत ती जवळजवळ 2 सेंटिमीटर होते. तेवढी वाकडी भिंत लहान मूलसुद्धा ओळखतं.

मध्य कुठला

आता आमची चूक नेमकी कुठे झाली ते सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

45 अंशांत तिरप्या बसवलेल्या हेरिंगबोनमध्ये टाइलचे उभे पट्टे असतात. एका पट्ट्यातल्या सगळ्या टाइल उजवीकडे झुकतात, शेजारच्या पट्ट्यातल्या डावीकडे. दोन पट्टे मिळून कोन दिसतो. दोन पट्ट्यांमधली शीव सरळ नसते, ती नागमोडी असते. एका पट्ट्याची रुंदी काढायची, तर टाइलची लांबी अधिक सांध घ्या आणि तिला 0.707 ने गुणा. 300 मिलिमीटरची टाइल आणि 2 मिलिमीटरची सांध म्हणजे 302, आणि पट्टा झाला साधारण 213.5 मिलिमीटर.

5 फूट भिंत म्हणजे 1524 मिलिमीटर, निम्मी 762. सुरुवात करायला दोनच जागा आहेत: पट्ट्याचा मध्य भिंतीच्या मध्यावर ठेवा, किंवा दोन पट्ट्यांमधली शीव मध्यावर ठेवा. पट्ट्याचा मध्य ठेवला तर मध्यापासून आधी अर्धा पट्टा, मग तीन पूर्ण पट्टे, आणि उरतात साधारण 15 मिलिमीटर. आमच्याकडे हेच झालं. शीव मध्यावर ठेवली असती तर तीन पूर्ण पट्टे जाऊन कडेला 121 मिलिमीटर उरले असते, म्हणजे अर्ध्याहून जास्त पट्टा. तुकडे मोठे निघाले असते, नीट कापले गेले असते, घट्ट चिकटले असते. तीच भिंत, त्याच टाइल, तीच मजुरी. फरक फक्त अर्धा पट्टा सरकवण्याचा. तुमची भिंत 5 फुटांची नसेल तर उत्तर उलटंही येईल. म्हणून दोन्ही हिशेब करा आणि ज्यात कडेचा तुकडा मोठा राहतो तो घ्या.

शीव मध्यावर घेताना आणखी एक चूक होते. कोनाचं टोक मध्यरेषेवर टेकवलं की काम बरोबर, असं वाटतं. तसं नसतं. शीव नागमोडी असल्यामुळे टोकं आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे येतात. टाइलच्या रुंदीला 0.35 ने गुणा. 75 मिलिमीटरच्या टाइलला सुमारे 26 येतात. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 26 मिलिमीटरवर दोन उभ्या मदतीच्या रेघा मारा. डावीकडून येणाऱ्या टाइलचा कोपरा उजव्या रेघेला टेकेल, उजवीकडून येणाऱ्या टाइलचा कोपरा डाव्या रेघेला. हे केलं नाही आणि सगळी टोकं एकाच बाजूने मध्यरेषेला लावली, तर भिंतीच्या एका कडेचा काप दुसऱ्या कडेपेक्षा सुमारे 5 सेंटिमीटर वेगळा येतो आणि नक्षी एका बाजूला कललेली वाटत राहते.

दुकानात कधी सांगतात की लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट किंवा चौपट नसेल तर हेरिंगबोन जमत नाही. ते खरं नाही. कुठल्याही आयताची ही नक्षी बसते. अट एकच, सगळ्या टाइल एकाच मापाच्या हव्यात. म्हणून घेण्याआधी वेगवेगळ्या खोक्यांतल्या पाच-सहा टाइल काढून त्यांची लांबी आणि रुंदी स्वतः मोजा. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे ना, तेही बघा. नंतर कमी पडल्या तर त्याच छटेच्या मिळतीलच असं नाही.

किती घ्यायच्या? 5 फूट बाय 7 फूट भिंतीला 75 बाय 300 मिलिमीटरच्या साधारण 140 टाइल लागतात. साध्या ओळींत 10 टक्के जास्तीच्या घेतल्या तर पुरतात. इथे कडांचे सगळे काप तिरपे, म्हणून मी 15 टक्के धरायला सांगतो, म्हणजे 161. उरलेल्या दहा-बारा टाइल माळ्यावर जपून ठेवा. पुढे कधी नळ दुरुस्तीसाठी भिंत फोडावी लागली तर त्याच उपयोगी पडतील.

आखणीचा दिवस

आता तो एक दिवस कसा घालवायचा ते सांगतो. आपले मिस्त्री बहुतेक छत्तीसगढी किंवा हिंदी बोलणारे. आपण ज्याला ओळंबा म्हणतो त्याला ते साहुल म्हणतील, आपला गुण्या त्यांचा गुनिया. शब्द वेगळे असले तरी अवजार तेच आहे. माप मात्र एकाच भाषेत बोलायचं ठरवून घ्या. मिस्त्री सुतात बोलतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर. दुकानाचा कागद मिलिमीटरमध्ये असतो. निम्मे घोटाळे या दोघांच्या मध्ये होतात.

सकाळी आधी भिंत तपासा. अॅल्युमिनियमची 6 फुटी सरळ पट्टी गिलाव्यावर आडवी, उभी आणि तिरपी लावून बघा. पट्टीखाली एका सुतापेक्षा जास्त फट कुठे दिसली तर तिथे आधी गिलावा दुरुस्त करा. हा खड्डा टाइलच्या चिकटणीने भरू, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. लहान टाइलच्या कडा उजेडात वर-खाली दिसतात आणि हेरिंगबोनमध्ये त्या चारही दिशांना दिसतात. कोपरा काटकोनात आहे का हे 3-4-5 ने बघा: एका भिंतीवर कोपऱ्यापासून 3 फूट, दुसरीवर 4 फूट, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट यायला हवं. त्याच वेळी भिंतीत पुरलेल्या नळांची पाण्याचा दाब देऊन तपासणी झाली आहे ना, आणि शॉवरच्या भिंतीला वॉटरप्रूफिंगचा थर दिला आहे ना, याची खात्री करून घ्या. ग्राउट पाणी अडवत नाही, पाणी मागच्या थराने अडवायचं असतं.

मग दारात उभे राहा. कुठली भिंत आधी दिसते ती ठरवा आणि नक्षी तिच्यावरच घ्या. चारही भिंतींवर हेरिंगबोन घेऊ नका. कोपऱ्यात दोन नक्ष्या भिडल्या की तिरपे काप तिरप्या कापांवर येतात, खर्च वाढतो आणि डोळ्याला विसावा उरत नाही. बाकीच्या तीन भिंतींना साध्या आडव्या टाइल शोभून दिसतात. काचेचं पार्टिशन येणार असेल तर मध्य भिंतीचा धरू नका, काचेपलीकडे जेवढा भाग दिसेल त्याचा धरा. भिंतीवरच्या मिक्सरच्या दोन तोट्या 150 मिलिमीटर अंतरावर असतात. त्या मध्यरेषेच्या दोन्हीकडे सारख्या अंतरावर आल्या तर नक्षी आणि नळ एकमेकांना साजून दिसतात. म्हणून मध्यरेषा प्लंबर येण्याआधी ठरलेली बरी.

आता ओळंबा सोडून मध्यरेषा मारा. गेरूत घोळवलेली दोरी दोन माणसांनी ताणून धरायची आणि फटकारायची, सरळ रेघ उमटते. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून एक आडवी रेघ मारा. खालून फरशीच्या कडेवरून माप घेऊ नका, फरशीला उतार असतो. दोन रेघा जिथे छेदतात तिथून उभ्या रेघेवर 60 सेंटिमीटर आणि आडव्या रेघेवर 60 सेंटिमीटर मोजून खुणा करा आणि त्या जोडा. ही 45 अंशांची रेघ. दोन खुणांमधलं अंतर 84.85 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ 85, येतंय का बघा. नसेल तर आधीच्या दोन रेघा काटकोनात नाहीत.

मग बाहेर अंगणात किंवा हॉलमध्ये फरशीवर भिंतीचा आकार खडूने काढा आणि टाइल काहीही न लावता कोरड्या मांडा. सांधीची जागा सोडण्यासाठी मध्ये स्पेसर ठेवा. तीन-चार पट्टे मांडून दोन्ही कडांचे तुकडे किती येतात ते डोळ्यांनी पाहा. घरातल्या सगळ्यांना बोलवा. मांडलेली नक्षी बघून कोणाला सरळ, 90 अंशांतली हेरिंगबोन आवडली तर तीही चांगली. तिच्यात कडांचे काप सरळ येतात, त्रिकोणी तुकडे होत नाहीत आणि टाइल कमी वाया जाते. बदल करायचा तर या क्षणी करा. उद्या चिकटण सुकली की मग मन बदलून उपयोग नाही.

चिकटवताना

काम सुरू झालं की काही गोष्टींवर नजर ठेवा. पहिल्या ओळीखाली आडव्या रेघेवर एक सरळ पट्टी ठोकून आधार द्या, म्हणजे टाइल घसरत नाहीत. तिच्याखालचा भाग शेवटी भरून घ्या. सुरुवात मध्यापासून, खालून वर. दर तीन-चार कोनांनी तिरप्या रेघेशी आणि ओळंब्याशी ताडून पाहा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळात ती धरत नाही. तिला पॉलिमर असलेली टाइल अॅडेसिव्ह लागते. पिशवीवर आयएस 15477 हे मानक आणि कुठल्या टाइलसाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा. आपल्याकडे उन्हाळा कडक असतो, मे महिन्यात भिंतीवर पसरलेली चिकटण वरून चटकन सुकते. एका वेळी थोडीच पसरा आणि बोट लावून ओली आहे का बघा. खाचांच्या थापीने पसरवलेली चिकटण टाइलच्या पूर्ण पाठीला लागली का हे कळायला सुरुवातीची एखादी टाइल लगेच काढून बघा. दुसऱ्या दिवशी भिंत बोटाने वाजवा. जिथे पोकळ आवाज येतो तिथली टाइल काढून पुन्हा बसवा.

कोपऱ्यांत, जिथे दोन भिंती भेटतात, तिथे ग्राउट भरू नका. सिलिकॉन सीलंट भरा. भिंती केसभर हलतात, ग्राउट तिथे फुटतं. ग्राउटचा रंग टाइलच्या रंगाच्या जवळचा घ्या. पांढऱ्या टाइलमध्ये काळी सांध चित्रात सुंदर दिसते, पण तिच्यात प्रत्येक मिलिमीटरची चूक ओरडून सांगितल्यासारखी दिसते, आणि बोअरचं पाणी जड असेल तर काळ्या सांधीवर पांढरे डागही आधी चढतात.

मजुरी आणि धूळ

शेवटी मजुरीबद्दल बोलतो, कारण सगळं तिथेच अडतं. मिस्त्रीला चौरस फुटाच्या दराने बांधलं की तो जितका भरभर भरेल तितकं त्याला परवडतं. साध्या टाइलला हा दर ठीक आहे. हेरिंगबोनमध्ये प्रत्येक कडेला मापून कापावं लागतं, थांबून ताडावं लागतं. त्याच दरात ते मागणं म्हणजे त्याच्या खिशातून काढणं. म्हणून आखणीचा दिवस रोजीवर द्या, आणि नक्षीच्या भिंतीचा दर आधी बसून ठरवा. मिस्त्री आणि त्याच्या हाताखालची रेजा (मजूर बाई), दोघांची रोजी वेळेवर द्या.

आणि धुळीचं बघा. कोरड्या ग्राइंडरने टाइल कापली की बारीक सिलिकाची धूळ उडते. ती फुप्फुसात बसते, आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. या नक्षीत काप सर्वांत जास्त. पाण्याचा कटर भाड्याने आणा, निदान पात्यावर पाणी सोडायला सांगा, कापणं मोकळ्या अंगणात करायला लावा, बंद बाथरूममध्ये नको. मास्क आणि चष्मा घरमालकाने आणून द्यावा. टाइलच्या बिलात तो खर्च लक्षातही येणार नाही.

इथल्या कारखान्यात देशाच्या रेल्वेचे रूळ तयार होतात. दोन रुळांमधलं 1676 मिलिमीटरचं अंतर राखण्यात चूक झाली तर काय होतं हे इथल्या घराघरांत माहीत आहे. कारखान्यात मापाला जेवढं मानलं तेवढंच आपल्या घरच्या भिंतीवर माना. टाइल घ्यायला रविवारी बाजाराच्या गर्दीत निघण्याआधी घरी ओळंबा सोडा, भिंत मोजा, दोन्ही हिशेब कागदावर मांडा. रेघा आखून झाल्या की मिस्त्रीबरोबर दारात उभे राहा आणि भिंतीकडे बघा. तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही पटलं, तरच पहिली टाइल चिकटवू द्या.